शस्त्रक्रियागृहातला धूर
(द्वितीय वर्ष कला)

धूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चूल येते, वीटभट्टी येते, गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारे लोट येतात. माझे गाव तिसगाव. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट ओलांडला की हे गाव लागते. तालुक्यातच आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे आणि घरोघरी चुली आहेत. तेव्हा धुराची ओळख आम्हांला नव्याने करून द्यायला नको. परंतु जेथे चपला बाहेर काढून, हात कोपरापर्यंत घासून, तोंड बांधून मगच आत पाऊल टाकायचे असते, त्या शस्त्रक्रियागृहातही धूर होतो आणि जवळजवळ रोज होतो, असे कोणी सांगितले तर आपल्यापैकी बहुतेकांना ते खरे वाटणार नाही. या लेखात त्या धुराची माहिती द्यावयाची आहे. तो कसा निर्माण होतो, त्यात काय असते, तो कोणाच्या छातीत जातो आणि त्याला आवर कसा घालता येतो, एवढे सांगितले म्हणजे माझे काम झाले.

हा विषय माझ्यापुढे आला तो घरातून. माझी आई नगरमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मावशी म्हणून काम करते. ट्रॉली लोटणे, हत्यारे धुणे, सक्शनच्या बाटल्या रिकाम्या करणे, एक ऑपरेशन संपले की दुसरे सुरू होण्याआधी फरशी पुसून घेणे ही तिची कामे. या कामाला तिला बारा वर्षे झाली. मागे एकदा मी तिला तिथल्या वासाविषयी विचारले. ती म्हणाली, "कापताना जळल्यावानी वास येतो बघ. केस जाळल्यावर येतो ना, तसा. पहिल्या महिन्यात जेवण जात नव्हतं. आता कळतबी नाही."

"मग तू कुणाला सांगितलं नाहीस का?"

"काय सांगायचं, वास येतो म्हणून? मोठाले डॉक्टर तिथंच उभे असत्यात की."

या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक, वास येईनासा झाला म्हणजे त्रास संपला अशी तिची समजूत. दुसरी, डॉक्टर ज्या हवेत उभे राहतात ती हवा चांगलीच असणार, हा विश्वास. या दोन्ही समजुतींचा खरेखोटेपणा पाहावा म्हणून मी मिळेल तिथून वाचत गेले.

धूर येतो कोठून?

पूर्वी शस्त्रक्रिया करताना रक्ताची वाहिनी कापली गेली की ती चिमट्यात धरून दोऱ्याने बांधावी लागे. शेकडो बारीक वाहिन्या अशा बांधता बांधता वेळ जाई आणि रुग्णाचे रक्तही जाई. १ ऑक्टोबर १९२६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले विजेचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरले. या यंत्राच्या टोकाने मांस कापलेही जाते आणि कापता कापता रक्तही थांबते. आपल्याकडे थिएटरमधले लोक त्याला 'कॉटरी' म्हणतात आणि हातात धरायच्या दांडीला 'पेन्सिल' म्हणतात.

विजेचा धक्का रुग्णाला कसा बसत नाही, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर असे. आपल्या घरातली वीज एका सेकंदात ५० वेळा दिशा बदलते. कॉटरीतली वीज सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलते. इतक्या जलद बदलाला आपल्या नसा आणि स्नायू दाद देत नाहीत. मात्र पेन्सिलीच्या टोकाजवळ ही वीज फार थोड्या जागेत एकवटत असल्याने तेथे तीव्र उष्णता निर्माण होते. पेशीत मुख्यतः पाणीच असते. ते क्षणात उकळते, पेशी फुटते आणि आतला ऐवज वाफेबरोबर हवेत उडतो. काही भाग जळून कोळसाही होतो. हाच तो धूर. लेसरने किंवा अतिजलद कंपनाच्या हत्याराने कापले तरी कमीअधिक प्रमाणात हेच घडते.

या यंत्राने असंख्य प्राण वाचवले आहेत, हे येथेच सांगून टाकते. कॉटरी बंद करा असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. चुलीतून धूर येतो म्हणून कोणी भाकरी करणे सोडत नाही. प्रश्न धुराला वाट काढून देण्याचा आहे.

धुरात असते काय?

या धुरात सुमारे ९५ टक्के पाण्याची वाफ असते. उरलेल्या ५ टक्क्यांकडे आपण लक्ष द्यावयाचे आहे. त्यात बेंझीन, टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड असे वायू आढळले आहेत. ही नावे आपण एरवी कारखान्यांच्या आणि मोटारींच्या संदर्भात ऐकतो. त्याखेरीज जळालेल्या मांसाचे, रक्ताचे अतिसूक्ष्म कण असतात आणि काही वेळा जंतूंचे व विषाणूंचे अंशही असतात.

कणांचा आकार समजून घेणे महत्त्वाचे आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरतात. कॉटरीच्या धुरातले कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळजवळ हजारावा हिस्सा. मोठे कण नाकातल्या केसांत आणि घशातल्या ओलाव्यात अडकतात, शिंकेबरोबर वा खाकऱ्याबरोबर बाहेर पडतात. एवढे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचू शकतात.

१९८१ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी या धुराचा अर्क काढून त्याची परीक्षा केली. जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडवून आणण्याची त्याची शक्ती त्यांनी मोजली आणि ती सिगारेटच्या धुराशी ताडून पाहिली. एक ग्रॅम मांस लेसरने जाळले तर निघणारा धूर तीन सिगारेटींच्या बरोबरीचा आणि कॉटरीने जाळले तर सहा सिगारेटींच्या बरोबरीचा ठरला. ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या जंतूंवर होती, माणसांवर नव्हती, हे विसरता कामा नये. परंतु थिएटरमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाने सिगारेट ओढायचे ठरवलेले नसते, हेही तितकेच खरे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. आज अशा शस्त्रक्रिया लहान शहरांतल्या रुग्णालयांतही होतात. पोटाला तीनचार लहान छिद्रे पाडून, कार्बन डाय-ऑक्साइड वायूने पोट फुगवून आतले काम केले जाते. रुग्णाला वेदना कमी, घरी लवकर जाता येते. धुराच्या दृष्टीने मात्र येथे एक वेगळी गोष्ट घडते. कॉटरीचा धूर फुगवलेल्या पोटातच साठतो. पडद्यावरचे चित्र अंधूक झाले की नळीची तोटी उघडून तो बाहेर सोडतात. तेव्हा साठलेला सगळा धूर वायूच्या दाबाने एकदम बाहेर येतो आणि जवळ उभे असलेल्यांच्या तोंडावर येतो.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत या गोष्टीकडे जगभरच्या शल्यविशारदांचे लक्ष गेले. या वायूतून विषाणू पसरेल काय, अशी भीती निर्माण झाली आणि पोटातला वायू मोकळा न सोडता गाळणीतून सोडावा, असे सल्ले त्यांच्या संघटनांनी दिले. त्या वर्षी भीतीपोटी जे सुचवले गेले, ते एरवीही करण्यासारखेच आहे.

धोका किती खरा?

येथे वाचकांना वाढवून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके दुखणे, मळमळणे या तक्रारी थिएटरमधल्या कर्मचाऱ्यांत आढळतात. १९९१ मध्ये नॉर्वेमधल्या एका शल्यविशारदाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते लेसरने रुग्णांच्या गुप्तांगावरचे मस जाळत असत. पुढे त्यांच्याच स्वरयंत्रात तशा गाठी झाल्या आणि तपासणीत त्याच जातीचे विषाणू सापडले. धुरातूनच संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष तेव्हा काढण्यात आला.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या गटाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन थिएटरमध्ये काम केल्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे हा धूर प्राणघातक आहे असे सिद्ध झालेले नाही आणि तो निरुपद्रवी आहे असेही कोणी म्हणू शकत नाही. ज्या धुरात बेंझीन आहे हे ठाऊक आहे, तो छातीत जाऊ देण्यापूर्वी आणखी कसल्या पुराव्याची वाट पाहावयाची?

आपल्या चुलीचेच उदाहरण घ्या. आजीच्या खोकल्याला पिढ्यान्‌पिढ्या वयाचा खोकला म्हटले गेले. १९८० च्या दशकात निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तोवर किती बायकांचे आयुष्य चुलीपुढे गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. सवयीच्या धुराला कोणी धोका म्हणत नाही. वास येईनासा होण्याचा अर्थ एवढाच की, नाकाने सांगणे सोडून दिले आहे. धूर होता तेवढाच असतो.

मास्क कोणाचे रक्षण करतो?

"तोंडाला मास्क असतो की," असे आई म्हणाली होती. पुष्कळ शिकलेले लोकही असेच म्हणतील. थिएटरमधला साधा कापडी वा कागदी मास्क मुळात रुग्णासाठी असतो. डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या तोंडातले तुषार उघड्या जखमेत पडू नयेत म्हणून तो बांधतात. तो गालाजवळ आणि नाकाजवळ सैल राहतो आणि श्वास घेताना हवा त्या फटींतून आत येते. धुराचे बारीक कण त्याला रोखता येत नाहीत.

कोरोनामुळे आपल्या सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मास्क अधिक चांगला. अडवायला सर्वांत कठीण असे सुमारे ०.३ मायक्रॉनचे कणही तो निदान ९५ टक्के अडवतो. मात्र त्यासाठी तो चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. शिवाय बेंझीनसारखे वायू त्यातूनही आरपार जातात. म्हणून मास्क हा दुसरा उपाय होय. पहिला उपाय धूर जेथे होतो तेथेच तो पकडण्याचा.

उगमाशी पकडावा

स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर धूर हळूहळू जातो, पण तोवर तो घरभर फिरलेला असतो. चुलीवरच धुराडे बसवले तर तो नाकापर्यंत येतच नाही. थिएटरमध्येही नेमके हेच तत्त्व लागू पडते. धूर ओढून घेणारे यंत्र मिळते. त्याची नळी पेन्सिलीच्या टोकापाशी धरतात, किंवा नळी जोडलेलीच पेन्सिल वापरतात. ओढलेली हवा आधी अल्पा नावाच्या गाळणीतून जाते. ही गाळणी ०.१२ मायक्रॉनचे कण ९९.९९९ टक्के अडवते. मग कोळशाच्या थरात वायू शोषले जातात आणि साफ हवा खोलीत परत येते.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९९६ मध्येच यासंबंधी सूचना काढल्या. नळीचे तोंड धुराच्या जागेपासून दोन इंचांच्या आत असावे आणि तेथे हवेचा वेग मिनिटाला १०० ते १५० फूट असावा, असे त्यांत सांगितले आहे. दोन इंच म्हणजे आपल्या बोटाची दोन पेरे. नळी वीतभर लांब गेली तर धूर निसटतो, मग यंत्र कितीही महाग असो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने असा धूर ओढून घेण्याची व्यवस्था रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक केली आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

लहान रुग्णालयाला हे यंत्र लगेच घेणे जमणार नाही, हे मी समजू शकते. तथापि यंत्र येईपर्यंत करता येण्यासारखे पुष्कळ आहे. वाचनातून जे कळले ते क्रमाने देते.

१. रक्त ओढायच्या सक्शनची नळी, गाळणी जोडून, कॉटरीच्या टोकाशी धरावी. तिची ओढ धुराच्या यंत्रापेक्षा पुष्कळ कमी असते, पण थोड्या धुराला ती उपयोगी पडते.

२. कॉटरीची शक्ती कामापुरतीच ठेवावी आणि टोकावर साचलेली काजळी वरचेवर पुसावी. त्याने धूरच कमी होतो.

३. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटातला वायू गाळणीतून सोडावा. तोटी कोणाच्या तोंडाच्या दिशेने उघडू नये.

४. मस जाळणे किंवा संसर्गजन्य रोगाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करणे असेल, तेव्हा आत असलेल्या प्रत्येकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क द्यावा. प्रत्येकाला म्हणजे मावशीलाही.

५. भिंतीवरचा साधा ए.सी. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. तो धूर बाहेर नेत नाही. गाळलेली ताजी हवा आत येण्याची आणि जुनी बाहेर जाण्याची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.

६. वापरलेली गाळणी आणि नळी दूषित समजावी. हातमोजे घालूनच ती काढावी आणि जैववैद्यकीय कचऱ्यात टाकावी. हे काम बहुधा मावशींकडेच असते. म्हणून हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ कोण?

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाक धुराच्या सर्वांत जवळ असते, हे मान्य केले पाहिजे. त्यांनाही या धुराचा धोका आहेच. परंतु रुग्ण तासादोन तासांत बाहेर जातो, एक डॉक्टर जातात आणि दुसरे येतात. सिस्टर, तंत्रज्ञ आणि मावशी मात्र दिवसभर त्याच खोलीत असतात आणि अशी वर्षे जातात. शेवटचे ऑपरेशन संपले की सगळे निघून जातात आणि फरशी पुसायला जी आत जाते तिच्या वाट्याला उरलेली हवा येते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत, असा कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना योग्य संरक्षक साधने द्यावीत आणि कामावर घेताना व नंतर वर्षातून निदान एकदा त्यांची आरोग्यतपासणी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. थिएटरमधली मावशी रोज हा कचरा हाताळते. तेव्हा तिची छाती वर्षातून एकदा तपासली जावी, यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माझ्या आईची बारा वर्षांत अशी तपासणी कधी झालेली नाही. असा काही नियम आहे हे तिला मी सांगितले तेव्हा प्रथम कळले.

अशिक्षित किंवा कमी शिकलेल्या बायकांना हे काय समजणार, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देईन. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. खेड्यातल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बालकांचे आजार, स्वच्छ पाणी हे सारे त्या बायका शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवले. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात हे घडले तेथे मावशीला गाळणी म्हणजे काय हे समजणार नाही, असे कोणी म्हणू नये.

शब्दाचे काम

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाचा हा विषय माझा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु वाचताना मला असे दिसले की, या प्रश्नाचा अर्धा भाग भाषेचा आहे. इंग्रजीत या धुराला नाव आहे, त्यावर सूचना आहेत, कायदे आहेत. आईच्या बोलीत त्याला फक्त 'जळका वास' म्हणतात. वासाची तक्रार केली तर ती नाजूकपणाची ठरते आणि धुराची तक्रार केली तर ती कामाच्या जागेची ठरते. नाव नसलेल्या गोष्टीविषयी अर्ज तरी कसा लिहावयाचा? म्हणून मी 'शस्त्रक्रियेचा धूर' हे सरळ नाव वापरते आहे.

वर दिलेल्या सहा सूचना मी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून आईजवळ दिल्या. तिने तो कागद तिथल्या मुख्य सिस्टरना दाखवला. त्यांनी तो वाचून कपडे बदलण्याच्या खोलीत चिकटवला आहे. धूर ओढायचे यंत्र अजून आलेले नाही. मात्र काही ऑपरेशनांत सक्शनची नळी आता कॉटरीच्या टोकाशी धरली जाते, असे आई सांगते. तिची छाती तपासून घेण्याविषयीचा अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला. त्यावर सही करताना तिने तो दोनदा वाचला.

आपल्या महाविद्यालयातल्या कितीतरी जणींच्या बहिणी, वहिन्या बारावीनंतर नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जातात. कितीतरी जणांचे भाऊ थिएटरमध्ये वॉर्डबॉय किंवा तंत्रज्ञ म्हणून लागतात. त्यांना एवढेच सांगावे की, कामाच्या पहिल्या दिवशी पगार आणि सुट्टी विचाराल तेव्हा त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. इथे धूर ओढून घ्यायची काय सोय आहे? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि तो चारदोन वेळा विचारला गेला की उत्तर शोधणे रुग्णालयाला भाग पडते.